पोच मिळते, उत्तर मिळत नाही

पाटण खोऱ्यात माझं माहेर. गावी गेले की आबांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची, पत्र्याची पेटी एकदा तरी उघडतेच. सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, लाइट बिलं, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं असतं. गेल्या दिवाळीत त्यांनी त्यातून एक दोनपानी कागद काढला. अक्षर माझंच होतं. काही वर्षांपूर्वी गावच्या जमिनींना लागू होणाऱ्या एका नियमाचा मसुदा निघाला, तेव्हा ओट्यावर बसून मी त्यांना हरकत लिहून दिली होती. खाली आबांची सही, त्याखाली गावकऱ्यांच्या एकवीस सह्या आणि सहा अंगठे. वरच्या कोपऱ्यात कार्यालयाचा जांभळा शिक्का, त्यात 'आवक', तारीख आणि कारकुनाची आखूड सही. आबांनी शिक्क्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पोच हाय. पर ह्याचं म्होरं काय झालं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. हरकतीत तीन मुद्दे होते. एक, सोबतच्या नकाशात गावचा झरा आणि त्याच्याकडे जाणारी पायवाट दाखवलेलीच नाही. दोन, दोन गट नंबर एकमेकांच्या जागी पडले आहेत. तीन, खोदकामावरच्या बंदीतून दरसालची पाटाची आणि ताल-बांधाची डागडुजी वगळावी, नाहीतर पहिल्याच पावसात खाचरं वाहून जातील. पुढच्या वर्षी अंतिम नियम राजपत्रात आला. मी तो मोबाइलवर उघडून वाचला. गट नंबर दुरुस्त झाले होते. झरा नव्हताच. पाटाचा उल्लेख नव्हता. आणि पहिल्या पानावर एक ओळ होती: "आणि ज्याअर्थी, उक्त मसुद्यावर प्राप्त झालेल्या हरकती व सूचना विचारात घेण्यात आल्या आहेत, त्याअर्थी, आता..."

म्हणजे आमचा कागद कुणीतरी वाचला होता. वाचल्याशिवाय गट नंबर सुधारले नसते. कुणीतरी नकाशा पुन्हा टेबलावर पसरला, चूक पाहिली, दुरुस्त केली. ते चांगलंच काम झालं. पण ते आमच्यामुळे झालं हे आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि झरा का राहिला, पाटाचं काय, याबद्दलही कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. सरकारनं केलेलं चांगलं कामही गावाला दिसलं नाही. माझं म्हणणं एवढ्याच गोष्टीभोवती आहे. नियमाचा मसुदा काढून लोकांची हरकत मागायची असेल, तर अंतिम नियमासोबत प्रत्येक मुद्द्याचं कारणासह उत्तर प्रसिद्ध करणं कायद्यानं बंधनकारक असलं पाहिजे.

हा विषय वकिलांचा आहे असं समजून आपण तो सोडून देतो. वास्तविक आपलं रोजचं जगणं कायद्यापेक्षा नियमांनी जास्त बांधलेलं असतं. कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं, पण त्यात बहुतेक वेळा ढोबळ चौकट असते. परवाना कुणी द्यायचा, शुल्क किती, मुदत किती, नदीपासून किती अंतर सोडून बांधायचं, हे सगळं नियमांत येतं आणि नियम खातं करतं. त्यावर आमदार-खासदार आधी मतदान करत नाहीत; नियम झाल्यावर तो सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो आणि बहुधा तिथेच राहतो. ज्याला आपण मत दिलं त्याच्या हातून ही गोष्ट निसटलेली असते. त्यामुळे नागरिकाला बोलायला जागा उरते ती राजपत्रातल्या 'हरकती व सूचना' या दोन शब्दांपुरती.

या दोन शब्दांमागचा कायदा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८९७चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, कलम २३. महाराष्ट्राचा त्याच धर्तीचा कायदा १९०४चा. मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर खात्यानं मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल ते सांगायचं, आलेल्या हरकतींचा विचार करायचा, आणि मग अंतिम नियम राजपत्रात छापायचा. एकदा तो छापून आला की तो रीतसर झाला याचा तोच निर्णायक पुरावा धरायचा. शब्द आहे 'विचार'. विचार केला हे दाखवा, असं त्यात कुठेही नाही. राणीच्या राज्यात रयतेला कारण सांगायची गरज कुणाला वाटणार होती? पण तीच ओळ प्रजासत्ताकात जशीच्या तशी चालते, हे मला खुपतं.

छापून प्रसिद्ध करण्यापर्यंतची लढाई मात्र आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी जिंकून दिली. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळानं ११ डिसेंबर १९२३ रोजी एक ठराव करून अफूचा कायदा केला. तो कुठे छापला नाही, जाहीर केला नाही. त्याच कायद्याखाली पुढे हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५१ साली न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला की, जो कायदा लोकांना माहीत नव्हता आणि शोधूनही माहीत होऊ शकला नसता, त्याच्याखाली शिक्षा देणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही. ५० रुपयांच्या दंडासाठी तो माणूस एवढ्या वर पोचला म्हणून आज कुठलंही खातं कपाटातला नियम काढून आपल्यावर उगारू शकत नाही.

पण राजपत्रात छापलं की सगळ्यांना कळलं, असं कायदा गृहीत धरतो. नोव्हेंबर १९६२मध्ये झुरिकहून मनिलाला जाणारा एक प्रवासी अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोनं घेऊन मुंबईच्या विमानतळावर सापडला. ज्या अधिसूचनेखाली तो दोषी ठरला ती जेमतेम चार दिवस आधी राजपत्रात आली होती. मला माहीत नव्हतं, हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयानं मानला नाही. सोन्याच्या चोरट्या वाहतुकीपुरतं ते ठीक आहे. पण हाच न्याय जावळीच्या शेतकऱ्याला लावला तर?

याचं उत्तरही सर्वोच्च न्यायालयानंच दिलं आहे, आणि ते आमच्याकडच्या माणसाला चटकन कळेल, कारण खटला आल्याचा होता. गुजरातमधल्या गोध्रा बाजार समितीनं एका व्यापाऱ्यावर विनापरवाना आलं खरेदी केल्याचा खटला भरला. आलं हे बाजार समितीच्या यादीत आणणारी अधिसूचना राजपत्रात छापली होती, पण कायद्यात सांगितल्याप्रमाणे गुजराती वर्तमानपत्रात छापली नव्हती. १९७५ साली न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात म्हटलं की, स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापणं हा उपचार नाही, ते झालंच पाहिजे, कारण राजपत्रापेक्षा लोकांचं लक्ष वर्तमानपत्राकडे जातं. अधिसूचना निष्प्रभ ठरली. कोरेगाव-कराडकडे आल्याच्या गाड्या भरणाऱ्या कुणालाही विचारा, राजपत्र कधी पाहिलंय का. वर्तमानपत्र मात्र चहाच्या टपरीवर रोज हाताळलं जातं.

पन्नास वर्षांपूर्वी हे ठरलेलं असूनही २०२० साली पुन्हा तेच घडलं. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा टाळेबंदीच्या ऐन काळात, हरकतींसाठी ६० दिवस देऊन प्रसिद्ध झाला. ज्या प्रक्रियेत गावोगावी जनसुनावणी घ्यायची, तिच्या नियमांचा मसुदा गावच्या भाषेत नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० रोजी मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत मसुदा द्यायला सांगितलं. सरकारनं तो आदेश आनंदानं पाळायला हवा होता. ते त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

भाषेबद्दल आणखी थोडं बोलावंसं वाटतं. राज्याचं राजपत्र मराठीत निघतं, पण ते मराठी आबांपर्यंत पोचत नाही. 'ज्याअर्थी', 'त्याअर्थी', 'उक्त', 'परंतुक', 'अन्वये' यांची एकच साखळी अर्धं पान चालते आणि क्रियापद पान उलटल्यावर सापडतं. कितीतरी जुन्या अंकांच्या पीडीएफ अशा फाँटमध्ये किंवा स्कॅन करून ठेवलेल्या आहेत की त्यांत आपल्या गावाचं नाव शोधलं तर सापडत नाही. मराठीला हे जमत नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं वाईला यावं. तिथे बसून लक्ष्मणशास्त्री जोशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वकोशात विज्ञानापासून तत्त्वज्ञानापर्यंतचे विषय मराठी वाचकाला समजतील असे मांडले. मसुद्यासोबत दोन पानं साध्या मराठीत जोडायची, की आज काय चालतं, उद्या काय बदलेल, कुणाच्या जमिनीवर किंवा धंद्यावर परिणाम होईल. त्याला विश्वकोशाएवढी मेहनत लागणार नाही.

उत्तर न मिळाल्यानं काय होतं ते पश्चिम घाटाच्या मसुद्यात आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये केंद्राला मिळाला आणि माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर मे २०१२मध्ये लोकांसमोर आला. समितीचं म्हणणं होतं की हा विषय ग्रामसभांत चर्चेला जावा. पुढे त्याच विषयावर कस्तुरीरंगन समिती आली आणि तिच्या आधारावर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा मार्च २०१४मध्ये निघाला. मग २०१५, २०१७, २०१८, २०२२, आणि वायनाडची दरड कोसळल्यावर दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, सहावा. सहा राज्यांतलं सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातलं महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. यात पाटण, जावळी, महाबळेश्वरची गावं आहेत, शिराळ्याचीही आहेत. दर वेळी हरकतींसाठी ६० दिवस. दर वेळी गावांनी ठराव केले, अर्ज पाठवले, पोचा जपून ठेवल्या. आणि पुढचा मसुदा आला की पुन्हा पहिल्यापासून.

मधल्या काळात गावात काय पसरलं? घराचं छप्पर बदलता येणार नाही. जमीन विकता येणार नाही. गवत कापलं तर गुन्हा दाखल होईल. मसुद्यात यातलं काही नव्हतं. त्यात खाणी, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे, उद्योग, २०,००० चौरस मीटरवरची बांधकामं यांच्यावर बंदी होती. राहत्या घराच्या दुरुस्तीला आणि मालकी बदलायला आडकाठी नसल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. पण ज्या माणसानं 'माझ्या घराचं काय?' असं लिहून पाठवलं, त्याला सरकारकडून एक ओळ आली नाही. ती जागा अफवेनं घेतली, आणि ज्यांचा डोळा खाणींवर आणि डोंगरउतारावरच्या बंगल्यांवर होता त्यांना ती अफवा फार उपयोगी पडली. मला स्वतःला हे डोंगर वाचायला हवे आहेत. म्हणूनच मला वाटतं की पहिल्या मसुद्यावरच्या हरकतींना गावनिहाय, मुद्देनिहाय उत्तरं दिली असती, तर दुसऱ्या मसुद्याच्या वेळी भांडण खऱ्या मुद्द्यांवर झालं असतं.

हे अशक्य आहे, असं अधिकारी सांगतात. हजारो अर्ज येतात, त्यातले निम्मे एकाच छापाचे, कुणीतरी झेरॉक्स वाटून सह्या गोळा केलेल्या. ही अडचण खरी आहे. मी स्वतः असे गठ्ठे पाहिले आहेत. पण उत्तर अर्जाला नको, मुद्द्याला हवं. पाच हजार अर्जांत मुद्दे शोधायला गेलं तर चाळीसच्या वर निघत नाहीत.

आणि असं करणारी संस्था आपल्याच राज्यात आहे. विजेचे दर ठरवणारा महाराष्ट्र वीज नियामक आयोग. वीजदराचा प्रस्ताव आला की वर्तमानपत्रांत मराठी जाहिरात येते, ग्राहक हरकती पाठवतात, सुनावणी होते. आणि अंतिम आदेशात एक अख्खं प्रकरण असतं: अमुक मुद्द्यावर ग्राहकांचं म्हणणं असं, वीज कंपनीचं उत्तर असं, आयोगाचा निर्णय असा. विनियम, म्हणजे स्वतःचे नियम, करताना आयोग मसुद्याबरोबर स्पष्टीकरण देतो आणि अंतिम विनियमाबरोबर कारणांचं निवेदन देतो. विट्याच्या यंत्रमागधारकाला आयोगाचा निर्णय पटेलच असं नाही, बिल कमी येईलच असंही नाही. पण आपलं म्हणणं का नाकारलं ते त्याला वाचता येतं, आणि पुढच्या वेळी तो जास्त तयारीनं जातो. अपिलात जायचं तर हातात धरायला कारण असतं. जे विजेच्या युनिटबाबत जमतं ते जमिनीच्या गुंठ्याबाबत न जमण्यासारखं काय आहे?

अमेरिकेत ही शिस्त एका फजितीतून आली. १९३४ साली तेलाच्या नियमांवरचा खटला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा उघड झालं की ज्या तरतुदीखाली लोकांवर कारवाई चालू होती, ती एका दुरुस्तीत गळून गेली होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. १९३५ साली सगळे नियम एका ठिकाणी छापण्याचा कायदा झाला. १९४६च्या कायद्यानं मसुदा, लोकांचे अभिप्राय आणि अंतिम नियमासोबत त्याचा आधार व हेतू सांगणारं निवेदन ही पद्धत घातली. महत्त्वाच्या हरकतीला उत्तर न देता केलेला नियम तिथलं न्यायालय रद्द करू शकतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हे पाहिलं नाही असं नाही. फोन मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई द्या, असा नियम दूरसंचार नियामकानं २०१५ साली केला होता. न्यायालयानं तो ११ मे २०१६ रोजी रद्द केला, आणि त्याच निकालात संसदेला सुचवलं की अमेरिकेसारखा कायदा करून सगळी नियमनिर्मिती पारदर्शक करावी. ग्राहक म्हणून तो एक रुपया गेला याचं मला वाईट वाटलं, पण ही शिफारस लाख मोलाची होती. तसा कायदा झालेला नाही. २०१४ साली केंद्रानं विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण केलं. त्यात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवा आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर टाका असं आहे. पण ते धोरण आहे. पाळलं नाही तर नियम बाद होत नाही.

काही वेळा थांबायला सवड नसते, हे सांगलीकरांना सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून आणखी दहा-बारा फूट वर चढलं, तेव्हा आदेशावर हरकती मागवत बसणं वेडेपणाचं ठरलं असतं. पर्यावरण संरक्षणाच्या नियमांत सार्वजनिक हितासाठी पूर्वसूचना वगळायची सोय आहे, ती असावी. पण पूर ओसरल्यावर पूररेषा कुठून जाते, बांधकामाला मनाई असलेल्या निळ्या रेषेच्या आत कुणाचं घर येतं, हे ठरवायला घाई कसली? तिथे प्रत्येक घरमालकाच्या म्हणण्याला कारणासह उत्तर मिळायला हवं.

लोकांना नियमातलं काय कळतं, हा दुसरा आक्षेप मी कार्यालयात प्रत्यक्ष ऐकला आहे, आणि त्याचा मला राग येतो. याच सातारा-सांगलीच्या मुलखात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावोगावी बसत होती. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि निवाडा गावासमोर सांगायचा, हे त्या पिढीनं इंग्रज सरकारला डावलून करून दाखवलं. त्यांच्या नातवंडांना झरा कुठे आहे हे नक्की कळतं. नकाशा काढणाऱ्याला ते कळलं नव्हतं.

नवा कायदा होईल तेव्हा होईल. एक हत्यार आत्ताही हातात आहे आणि आपण ते फारसं वापरत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४. लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना सगळी संबंधित माहिती प्रसिद्ध करा, असं त्याच्या पोटकलम (१)(ग) मध्ये आहे. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्या, असं पुढच्याच खंडात आहे. आणि हे सगळं स्थानिक भाषेचा विचार करून सांगा, असं पोटकलम (४) सांगतं. २००५पासून हे पुस्तकात आहे.

दिवाळीची सुटी संपायच्या आत मी आबांच्या नावानं तसा अर्ज लिहिला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, हरकतीच्या पोचेची झेरॉक्स जोडली. मागितलेली माहिती तीन ओळींची आहे. मुद्दा क्रमांक दोन मान्य झाल्याची टिपणी. मुद्दा क्रमांक एक आणि तीन अमान्य झाल्याची कारणं. हरकतींवर खात्यानं तयार केलेल्या एकत्रित अभिप्रायाची प्रत. आबांनी अर्ज वाचून घेतला, सही केली, आणि पेन हातातच ठेवून म्हणाले, "झऱ्याचं नाव बी घाल. नुसता झरा म्हटलं तर त्यास्नी कसं कळंल कुठला?"

मी कंसात नाव घातलं.